तहकूब सभेच्या बाहेरून

प्रति,
नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, सर्व पक्षांचे गटनेते, नगरसेवक आणि नगरसेविका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या नगरपालिकेत मी 32 वर्षं नोकरी केली. 1984 साली वसुली लिपिक म्हणून लागलो, 2016 साली लेखापाल म्हणून निवृत्त झालो. तुमच्यातले निम्मे जण मला आप्पा म्हणतात, आणि काहींच्या वडिलांच्या घरपट्टीच्या पावत्या मी माझ्या हातानं फाडल्या आहेत. या पत्रात गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गाव खानदेशातलं आहे एवढं बाहेरच्या वाचकाला पुरे, तुम्हाला तर पहिल्या ओळीलाच कळेल. कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही. अंदाजपत्रक मंजूर व्हावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

अंदाजपत्रकाची विशेष सभा तिसऱ्यांदा तहकूब झाली त्या दिवशी मी सभागृहाबाहेरच्या लाकडी बाकावर बसलो होतो. आधी बाकं वाजवल्याचा आवाज आला, मग घोषणा, मग सगळे एकदम बोलायला लागले. वीस मिनिटांत दारं उघडली. एक गट पुढच्या जिन्यानं उतरला, दुसरा मागच्या. दोन्हीकडे मोबाईलवर बोलणं सुरू झालं आणि दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू आलं, 'आम्ही त्यांना हाणून पाडलं.'

माझ्या शेजारी कुबड्या भिंतीला टेकवून एक जण बसला होता. बसस्टँडजवळ चपला शिवतो. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली हे त्याला माहीत आहे, पण त्याच्या लेखी मी अजूनही हिशोबवाले आप्पाच. सगळे गेल्यावर त्यानं विचारलं, ''पैसा उनात का, आप्पा?'' म्हणजे, पैसे आले का?

तो दिव्यांगांच्या मदतीबद्दल विचारत होता. नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, महिला आणि बालकल्याणासाठीही तशीच 5 टक्क्यांची तरतूद असते. तुम्हाला हे माहीत आहे, वाचकांसाठी सांगितलं. आता ही तरतूद ज्या पानावर आहे ते पानच मंजूर नाही. मंजूर तरतूद नसेल तर लेखा विभागातला माणूस प्रमाणकावर, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरवर, सही करणार कशी? पगार आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल कसंबसं निघतं. बाकीच्या फायली टेबलावर पडून राहतात. त्या माणसाला मी हे समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ऐकून त्याच्या हातात काय पडणार होतं?

अंदाजपत्रकाची प्रत मी मिळवली. तीन रात्री बसून 64 पानं वाचली. शिस पेन्सिलीनं खुणा केल्या. तुमचा वाद कशावर आहे ते शोधायचं होतं, कारण बाहेर ऐकू येणाऱ्या घोषणांवरून असं वाटत होतं की सगळ्या गावाच्या भवितव्यावर तुमचं मुळातून दुमत आहे. तसं काही निघालं नाही. तुमचं भांडण तीन लेखाशीर्षांचं, म्हणजे खर्चाच्या तीन बाबींचं आहे. जुन्या बाजारपेठेतलं व्यापारी संकुल, प्रभागांमधल्या रस्त्यांच्या निधीची वाटणी आणि एका चौकाचं सुशोभीकरण. बाकी सगळ्या पानांवर तुमच्यातल्या एकानंही उपसूचना, म्हणजे दुरुस्ती, दिलेली नाही. पाणी शुद्ध करायची तुरटी आणि टीसीएल पावडर, पंपांची दुरुस्ती, घंटागाड्यांचं डिझेल, गटारी, शाळांचे पत्रे, दिव्यांग निधी, दवाखान्याची औषधं. यावर तुमचं एकमत आहे. एकमत असलेलं सगळं तीन ओळींसाठी अडकून पडलं आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना आपण नवव्या दिवशी पाणी दिलं. आमच्या गल्लीत झोके बांधले होते, गाणी चालू होती, आणि माझी भाची झोक्यावरून उतरून हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेली. गिरणेला पाणी नव्हतं म्हणून हे झालं असतं तर मी गप्प राहिलो असतो. दोन पंपांपैकी एक जळाला आहे आणि त्याच्या नव्या मोटारीची तरतूद 31 व्या पानावर आहे. वादात नसलेल्या पानावर.

ताई, तुम्ही नगराध्यक्ष आहात. तुम्हाला थेट जनतेनं निवडलं. नाना, तुमच्या गटाकडे सभागृहात बहुमत आहे, आणि तेही याच जनतेनं, याच मतदानात दिलेलं आहे. एका मतदारानं एका दिवशी वेगवेगळी बटणं दाबली. एक ताईंसाठी, बाकीची नानांच्या माणसांसाठी. माझ्या ओळखीत असं मतदान केलेली दहा-बारा घरं तरी मी मोजून दाखवीन. त्यांना काय हवं होतं हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. दोघांनी मिळून चालवा.

थेट निवडणुकीचा हा खेळ आपल्या राज्यानं किती वेळा फिरवला! 2016 मध्ये थेट निवड आणली, 2020 मध्ये नगरसेवकांमधून निवड, 2022 मध्ये पुन्हा थेट. जो सत्तेवर आला त्यानं आपल्या सोयीनं कायदा वळवला, हे माझं स्पष्ट मत आहे. पण कायदा कसाही असो, थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं ही वेळ येणारच. ती वेळ कशी निभवायची हे कायद्यात लिहून देता येत नाही. ते माणसांनी करायचं असतं.

लोकसभेत अर्थसंकल्पाच्या मागण्या नामंजूर झाल्या तर सरकारलाच जावं लागतं. म्हणून तिथं सरकार काहीही करून मंजुरी घेतं, आणि मंजुरीला वेळ लागणार असेल तर घटनेच्या कलम 116 मध्ये लेखानुदानाची, म्हणजे तात्पुरत्या खर्चाच्या मंजुरीची, सोय आहे. तिथं दुखणं वेगळं आहे. 23 मार्च 2023 ला सुमारे 45 लाख कोटींच्या मागण्या लोकसभेनं गोंधळात, चर्चेविना मंजूर केल्या. त्या मागण्यांवर कोणी एक शब्द बोललं नाही. तेही मला वाईटच वाटलं. पण आपल्याकडे अंदाजपत्रक अडलं तर ना ताई पडतात ना नाना. दोघांच्या खुर्च्या शाबूत. म्हणून कोणाला घाई नाही.

अमेरिकेत नेमकं हेच होतं, कारण तिथंही अध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि पैसा मंजूर करणारं सभागृह वेगळं. 2018-19 मध्ये तिथलं केंद्र सरकारचं कामकाज 35 दिवस अंशतः बंद होतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तर 43 दिवस. आरोग्य विम्याच्या सवलतींवरून दोन पक्ष अडून बसले. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसले, विमानतळांच्या टॉवरमधली माणसं बिनपगारी कामावर गेली, आणि नोव्हेंबरात चार कोटींहून जास्त गरिबांच्या अन्नाच्या मदतीला खीळ बसली. जगातला सगळ्यात श्रीमंत देश. रांगेत उभा राहिला तो गरीबच. आपल्या बाकावर कुबड्या घेऊन बसलेला माणूस मला त्या बातम्यांमध्ये दिसत होता.

नाना, तुमच्या गटातल्या चार-पाच जणांशी मी एकेकटं बोललो आहे. नावं सांगणार नाही. ते मला म्हणाले, ''आप्पा, आम्हाला पटतंय, पण व्हिप आहे.'' व्हिप म्हणजे पक्षादेश. ताईंच्या बाजूचे दोघंही हेच म्हणाले. 1986 च्या अनर्हता कायद्यानं पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं, हे मी जाणतो. दलबदल रोखायला तो कायदा केला. पंपाच्या मोटारीवर आणि गटारीवर व्हिप काढायला नव्हे. ज्या माणसाला प्रभागातल्या बाया रोज पाण्यासाठी अडवतात, त्याचा हात जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या कोणीतरी बांधून ठेवायचा, हे मला मान्य नाही. तुम्हालाही मनातून मान्य नसावं.

आणि ठराव झालाच तरी पुढं काय होतं ते आपण पाहिलं आहे. एका गटानं ठराव करायचा, दुसऱ्यानं नगरपालिका कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, स्थगिती मिळवायची, फटाके फोडायचे. मी नोकरीत असताना अशा स्थगित ठरावांचा वेगळा गठ्ठा बांधून ठेवला होता. सुटेपर्यंत त्यातल्या काही कामांचे दर दीडपट झाले होते. बेकायदा ठरावाला स्थगिती मागायचा हक्क असायलाच हवा. पण हरलेल्या मतदानाचा सूड म्हणून ते कलम वापरणं म्हणजे गावाच्या खिशात हात घालणं आहे.

चार वर्षं आपल्याकडे प्रशासक होता. निवडून आलेलं मंडळ नव्हतं म्हणून राज्यातल्या किती तरी स्थानिक संस्थांचा वित्त आयोगाचा निधी रखडला. तेव्हा तुम्ही सगळे एका सुरात म्हणत होतात, निवडणुका घ्या, लोकांचं राज्य येऊ द्या. मीही म्हणत होतो. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये आदेश दिला, डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या. 21 डिसेंबरला निकाल लागला तेव्हा गुलाल मी माझ्या अंगणातून झाडला आहे. आणि आज चहाच्या टपरीवर लोक म्हणतात, प्रशासक बरा होता. हे वाक्य ऐकून मला जे वाटतं ते इथं लिहिता येत नाही. निवडून आलेल्या माणसांपेक्षा न निवडलेला अधिकारी बरा, असं ज्या गावाला वाटायला लागतं त्या गावात पुढच्या वेळी चांगला माणूस उभा राहत नाही.

नाना, आता तुम्हाला एक आठवण देतो. फेब्रुवारी 1995. तुम्ही पहिल्यांदा निवडून आला होतात, मिशी नुकती ठेवायला लागला होतात. विधानसभेची निवडणूक तोंडावर, गावातल्या भिंती रंगलेल्या, आणि आपल्या सभागृहात दोन गट असे फाटलेले की एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. अंदाजपत्रक अडलं होतं. एका संध्याकाळी अध्यक्ष माझ्या लेखा विभागात आले आणि म्हणाले, कुलूप लावू नको. थोड्या वेळानं विरोधी गटाचे नेते आले. दोघं आज नाहीत, त्यांची नावं घेत नाही.

माझं टेबल, साठ वॅटचा बल्ब, टेबलावर किर्द आणि मागच्या तीन वर्षांचे जमाखर्च. पहिला तासभर कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं, दोघं माझ्याशीच बोलत होते. ''यांना विचार, हा आकडा कुठून आणला.'' ''यांना सांग, मागच्या वर्षी यांनीच मंजूर केला होता.'' मी मध्ये बसून जमेची बाजू वाचत गेलो. जकात किती आली, पाणीपट्टी किती थकली, शिल्लक खरी किती आणि कागदावर फुगवलेली किती. आकडे वाचता वाचता दोघांच्या लक्षात आलं की ज्या पैशावर भांडण चाललंय तो पैसा तिजोरीत नाहीच. जमेचा अंदाज वाढवून दोन्ही बाजूंची कामं त्यात कोंबलेली होती. तिथून बोलणं बदललं. विरोधी नेत्यांनी माझ्या हातातली लाल पेन्सिल घेतली आणि पहिली रेघ स्वतःच्या गल्लीतल्या रस्त्यावर मारली. मग अध्यक्षांनी पेन्सिल मागितली आणि स्वतःच्या वॉर्डातलं वाचनालयाचं बांधकाम खोडलं. रात्री साडेअकराला विरोधी नेत्यांच्या घरून भरीत आणि कळण्याच्या भाकरी आल्या. तिघांनी एका ताटात खाल्लं. दुसऱ्या दिवशी सभागृहात दोन्ही गटांनी कडक भाषणं केली, एकमेकांना भरपूर सुनावलं आणि अंदाजपत्रक मंजूर केलं. नाना, हात वर करणाऱ्यांमध्ये तुम्हीही होतात. ती प्रत मी रद्दीत जाऊ दिली नाही. लाल रेघांसकट माझ्याकडे आहे.

तेव्हा जकात होती, स्वतःचा पैसा होता. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तेव्हापासून आपण शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतो. वरून आलेला पैसा मुदतीत खर्चावा लागतो, योजनेत स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. स्वहिस्सा अंदाजपत्रकात दिसला नाही तर प्रस्तावच पुढे सरकत नाही. त्या काळी सभा महिनाभर लांबली तर पुढच्या महिन्यात भरून काढता यायची, आता लांबली तर पैसा हातचा जातो.

तडजोड केली की आपला पक्ष लहान होतो, ही भीती तुमच्या मनात आहे. ती काढून टाका. माझ्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जायचा. सगळे कर्मचारी कुरकुर करायचे. मी नव्या पोरांना सांगायचो, हा कर कुठून आला ते ऐका. 1972 च्या दुष्काळात या महाराष्ट्रातली माणसं खडी फोडायला गेली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा लागणार होता, आणि 1975 मध्ये हा कर बसवला गेला. नवा कर बसवणं म्हणजे शिव्या खाणं. विरोधकांना त्यावर गाव पेटवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमतानं मंजूर केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यावेळी विरोधी बाकावर काही मवाळ माणसं बसलेली नव्हती. सरकारला रोज धारेवर धरणारी होती. पण मजुराच्या पोटाचा पैसा त्यांनी भांडणातून बाजूला काढून ठेवला. त्यामुळे कोणाचा पक्ष लहान झाला?

आणि पैसा वेळेवर मिळाला नाही तर काय होतं, हे बघायला खानदेशातल्या माणसाला लांब जायला नको. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसे धरण आहे. 1999 मध्ये त्याची किंमत सुमारे 142 कोटी होती. दरवर्षी तोकडी तरतूद, काम थोडं, मग पुन्हा सुप्रमा, म्हणजे वाढलेल्या किमतीला सुधारित प्रशासकीय मान्यता. 2023 मध्ये किंमत 4,890 कोटींवर गेली. या काळात मुंबईत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, तेव्हा एकाच पक्षाकडे बोट दाखवता येणार नाही. ज्या शेतकऱ्यानं भूमिपूजनाला टोपी घालून हजेरी लावली, त्याचा नातू आज सुरतेला कामाला आहे. तुमच्या तीन लेखाशीर्षांचा आकार त्याच्यापुढे काहीच नाही, मला कळतं. पण पंपाच्या मोटारीचा दर काल होता तो आज नाही, आणि आजचा उद्या राहणार नाही.

मी काय सुचवतो ते ऐका. ज्या पानांवर उपसूचना नाही ती येत्या सभेत आधी मंजुरीला घ्या. तीन वादाची लेखाशीर्षं बाजूला काढून त्यांच्यासाठी वेगळी तारीख ठरवा आणि त्या दिवशी मनसोक्त भांडा. त्याआधी ताई आणि नाना, तुम्ही दोघं लेखा विभागात बसा, तुमच्या घरी नको आणि पक्ष कार्यालयात तर मुळीच नको. मुख्याधिकाऱ्यांना आणि लेखापालांना समोर बसवा. आधी जमेची बाजू वाचून घ्या, मग खर्चाला हात लावा. यंदाची जमा मी पाहिली आहे. थकलेली पाणीपट्टी पूर्ण वसूल होईल असं धरून आकडा लिहिला आहे. माझ्या 32 वर्षांत ती एकदाही पूर्ण वसूल झाली नाही. म्हणजे ज्या पैशावर तुम्ही लढताय त्यातला मोठा वाटा हातात यायचाच नाही. ताई, संकुल दोन टप्प्यांत होऊ शकतं, पहिला टप्पा यंदा घ्या. नाना, रस्त्यांचा निधी सगळ्या प्रभागांना सारखा हवा ही तुमच्या गटाची मागणी मला रास्त वाटते, पण ज्या दोन वस्त्यांत अजून गटारच नाही त्यांना आधी द्या, मग सारखं वाटा. चौकाचं सुशोभीकरण दोघांनी मिळून एक वर्ष पुढे ढकला. आणि व्हिप काढायचाच असेल तर दोन्ही पक्षांनी एकच काढा, सभेला हजर राहण्याचा.

माझं सुचवलेलं तसंच्या तसं घ्या असा हट्ट नाही. तुम्ही याहून चांगला मार्ग काढाल, तुम्ही निवडून आलेली माणसं आहात. नगरसेविका ताईंना मात्र वेगळं सांगतो. सभागृहात निम्म्या जागा तुमच्या आहेत, आणि पाण्याच्या रांगेत तुमच्याच घरातल्या बाया आहेत. दोन्ही गटांतल्या तुम्ही सगळ्या एकदा एकत्र बसलात तर नाना काय आणि ताई काय, कोणाची सभा तहकूब करायची हिंमत होणार नाही.

चौथी सभा सोमवारी सकाळी 11 वाजता आहे. मी 10 वाजताच येईन. 1995 ची ती प्रत, यंदाच्या अंदाजपत्रकाची माझ्या खुणांची प्रत आणि एक लाल पेन्सिल माझ्या पिशवीत असेल. लेखा विभागाची किल्ली आता ज्याच्याकडे आहे त्या मुलाशी मी बोललो आहे. तो म्हणाला, ''साहेब लोक येणार असतील तर मी नऊलाच उघडतो.''

आपला,
एक निवृत्त लेखापाल